छाती चौतीस

धानाची मळणी उरकली की नागभीडच्या बाजारात
जुन्या लोकरीचे गठ्ठे फुटतात,
कुठल्या कुठल्या देशांचे वापरून झालेले हिवाळे,
डांबरगोळीचा वास, बाह्या एकमेकींत अडकलेल्या.
लोक रंग बघतात, चेन चालते का बघतात.
मी कॉलर उलटी करते.

लोकरीच्या लडीसारखं ते चिन्ह असेल
तर चौसष्टच्या आधीचा नाही.
पत्त्यात सहा आकडी पिन: बहात्तरच्या पुढचा.
टेरीवूल लिहिलं असेल, तर लोकर थोडी, बाकी बढाई.
आणि 'नागपूर, सी. पी.' असं विणलेलं
कधी हाती लागलंच
तर मी घासाघीस करत नाही.

हे कुणी शिकवलं नाही.
रफूसाठी शिवणी उसवाव्या लागतात,
आत काय काय राहून गेलेलं असतं.

परवा वच्छलाबाई गणवीर आल्या, सोबत नात, प्रणोती.
पोरीला पालमपूरकडे नोकरी लागली आहे.
पिशवीतून कोट काढला, राखाडी, कसर लागलेला.
"पाह्य बरं पोरी, हा कवाचा होय तं.
माहा बाप मने, दीक्षेच्या वक्ताचा.
माहा भाऊ मने, बुढ्याच्या गोष्टी."

डाव्या आतल्या खिशात
निळ्या रेशमाचं लेबल, एक कड खाल्लेली.
टेलरचं नाव. सीताबर्डी, नागपूर, एम. पी.
खाली दौतीच्या शाईनं:
श्री. डोमाजी गणवीर. छाती ३४. ऑर्डर ६११.

एम. पी. म्हणजे पन्नास ते छप्पन.
छप्पनच्या नोव्हेंबरात आपण त्या राज्यातून निघालो,
दीक्षा ऑक्टोबरात.
जुळतं. पण मी सांगून टाकलं,
आजी, लेबलं हजारांनी विणून येतात, संपेस्तोवर लागतात,
राज्य बदललं म्हणून कुठला टेलर ती फेकत नाही.
लेबल एवढंच बोलतं: याच्या आधी नाही.
नंतर किती, ते त्याला विचारू नये.

"आधी नाही ना?
बस झालं."

ऑक्टोबरच्या उन्हात लोकरीचा कोट काहून, मी विचारलं.
त्यांनी कोट मांडीवर घेतला.

"थंडीसाठी नाही घेतला वं.
त्या टेलरनं टेप अंगाले लावला, म्हनून घेतला.
छातीभोवती, दोन्ही हातानं.
गावचा शिंपी दुरूनच मापे, नजरेनं.
फिर मने. हात वर कर मने. झालं माप.
बाह्या दरसाल आखूड."

गाव सांगितलं. शिंप्याचं नाव नाही घेतलं.
माझ्या पायमशीनकडे बघितलं,
मग दारातल्या स्वतःच्या चपलांकडे.

गाव आमचंच.
आमच्या घरात अजून सांगतात,
आजोबांची नजर अशी, की टेपच लागत नसे.
वीस वर्षं मीही सांगत आले,
गिऱ्हाइकांना, कौतुकानं,
चहा येईस्तोवर.

टेप घेतला. पोरगी उभी राहिली.
पत्र्याचं टोक गार लागलं, दचकली, हसली.
बत्तीस.
दोन इंच दाबते म्हटलं, कापत नाही,
पुढं सोडता येतील.
"अन् ते लेबल?"
त्याला हात लावत नाही.

आमच्या दुकानाला लेबल कधी नव्हतंच.
आजोबांनी बेतलेला एखादा सदरा
आज कुठल्या पेटीत निघाला
तर कॉलर उलटून मला काही सांगता येणार नाही,
कधीचा, कुणाचा,
किती हातांवरून बेतलेला.

रात्री कसरीची भोकं भरायला बसले, एकूण सतरा.
रफूचा दोरा बाहेरून आणला की उजेडात दिसतो.
तो त्याच कपड्यातून काढावा लागतो,
आतल्या दुमडीतून,
जिथं रंग अजून उडालेला नसतो.